भाव कुणी सांगितला?

दौंडला माझे थोरले मामू राहतात. उभी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात झाली. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून त्यांनी थोडे शेअर्स घेतले. दारू, जुगार आणि व्याजाच्या धंद्यातल्या कंपन्या टाळायच्या आणि शक्यतो आसपासच्या कारखान्यांचे शेअर्स घ्यायचे, एवढाच त्यांचा नियम. आमच्या शिरूर तालुक्यात रांजणगावची एमआयडीसी आहे, त्यांच्या दौंड तालुक्यात कुरकुंभची. रांजणगावात व्हर्लपूलचा कारखाना, कुरकुंभला अल्काइल अमाइन्स आणि क्लीन सायन्सचे प्रकल्प. या तिन्ही शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या. क्लीन सायन्स तर जुलै २०२१ मध्ये बाजारात आली. मामू म्हणतात, ज्या कंपनीची बस आपल्या दारावरून जाते, तिचा भरवसा वाटतो.

२०२५ च्या रमजानचा पहिला आठवडा होता. मामूंचा फोन आला. सोन्याची आणि रोकड पैशाची जकात ते दरवर्षी काढत होते, पण शेअर्सवरही जकात आहे हे त्यांच्या ध्यानात उशिरा आलं होतं. मागच्या चार वर्षांची राहिलेली आणि यंदाची, असा पाच वर्षांचा हिशोब त्यांना हवा होता. उलेमांमध्ये याबाबत दोन मतं आहेत. शेअर विक्रीच्या इराद्याने घेतला असेल तर पूर्ण बाजारभावावर जकात. कायमचा ठेवून नुसता नफा खायचा असेल, तर कंपनीच्या जकातपात्र मालमत्तेतल्या आपल्या हिश्श्यावर. मामू घेणारे-विकणारे, त्यामुळे त्यांना पूर्ण बाजारभाव लागू. दरवर्षी १ रमजानला जो भाव असेल, त्यावर अडीच टक्के.

मी शिरूरला राहतो आणि कम्प्युटरचं काम करतो. मला वाटलं, हे तर दहा मिनिटांचं काम. शेअरचे भाव आणून देणारी फुकट सॉफ्टवेअर्स भरपूर आहेत. त्यातलं एक घेतलं, तारखा टाकल्या, भाव आले, गुणाकार केला आणि कागद घेऊन न्हावरे-चौफुला रस्त्याने दौंडला पोहोचलो.

मामूंनी कागद पाहिला आणि उठून कपाटातून आपली डायरी आणली. ते रोज पेपरातला भाव डायरीत उतरवतात. (आमचं बोलणं दखनीत चालतं, इथं मराठीत देतो.) एका कंपनीच्या २०२१ च्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हा भाव तुला कुणी सांगितला?"

"कम्प्युटरने."

"आणि कम्प्युटरला कुणी सांगितला?"

मला उत्तर देता आलं नाही. डायरीत १५०० रुपये होते, माझ्या कागदावर ३००. चाळीस शेअर्स होते. डायरीप्रमाणे साठ हजारांवर पंधराशे रुपये जकात होत होती. माझ्या हिशोबाने बारा हजारांवर तीनशे. बाराशे रुपयांचा फरक. रक्कम मोठी नाही, पण ती मामूंची नव्हती. ज्यांचा हक्क आहे त्यांची होती. माझ्या एका ओळीने ती कमी झाली असती आणि कुणाला कळलंही नसतं.

त्यांच्या त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी बराच मागे गेलो.

भाव लांब पोहोचवणं हा फार जुना उद्योग आहे. १८५० मध्ये जर्मनीतल्या आखेन आणि बेल्जियममधल्या ब्रुसेल्सच्या दरम्यान तारेची लाइन तुटक होती. तेवढ्या टप्प्यात शेअर बाजाराचे भाव कबुतरांच्या पायाला बांधून पाठवणारा माणूस होता पॉल ज्युलियस रॉयटर. आजच्या रॉयटर्सची सुरुवात तिथली. १८६७ मध्ये न्यूयॉर्कला एडवर्ड कॅलाहान यांनी टिकर यंत्र आणलं. तारेवरून येणारे भाव ते कागदाच्या पट्टीवर छापत राही. मुंबईत त्याच काळात टाऊन हॉलच्या परिसरात वडाच्या झाडाखाली दलाल जमत. अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ दरम्यान मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शेअर्सचा सट्टा माजला आणि युद्ध संपताच कोसळला. त्यातून सावरलेल्या दलालांनी १८७५ मध्ये आपली संघटना बांधली. तोच आजचा मुंबई शेअर बाजार, बीएसई.

दौंड या जाळ्यात लवकर आलं. पुण्याहून दिक्साळपर्यंतची रेल्वे १८५८ च्या अखेरीस सुरू झाली, ती दौंडवरूनच. भोर घाटातला मार्ग पूर्ण व्हायला अजून काही वर्षं होती. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग झाला आणि दौंड जंक्शन बनलं. रुळांबरोबर तारेचे खांबही आले. तार म्हणजे गावच्या माणसाला जन्म-मृत्यूची खबर, पण व्यापाऱ्याला भाव. २०१३ च्या जुलैत देशातली तारसेवा बंद झाली, तेव्हा मामूंनी तिच्यासाठी हळहळ व्यक्त केली होती. मी हसलो होतो.

शेअरचा भाव मात्र आमच्या भागातल्या सामान्य माणसाला बराच काळ दुसऱ्या दिवशीच्या पेपरातूनच कळत होता. १९८६ मध्ये सेन्सेक्स आला. पुण्याला १९८२ पासून स्वतःचा शेअर बाजार होता. पण सौदे आरडाओरडा करून, हातांच्या खुणांनी व्हायचे. नेमका भाव काय झाला, हे दलालच सांगणार. गिऱ्हाइकाला दिवसातला चढा भाव लावायचा आणि विकणाऱ्याला उतरता द्यायचा, ही तक्रार सार्वत्रिक होती. १९९२ चा हर्षद मेहता घोटाळा गाजला. त्याच वर्षी सेबीला कायद्याचे अधिकार मिळाले आणि राष्ट्रीय शेअर बाजाराची, म्हणजे एनएसईची, स्थापना झाली. नोव्हेंबर १९९४ मध्ये एनएसईवर शेअर्सचे सौदे पडद्यावर सुरू झाले. उपग्रहाच्या छत्र्यांमुळे लहान शहरातल्या दलालालाही मुंबईतला भाव त्याच क्षणी दिसू लागला. मार्च १९९५ मध्ये बीएसईनेही पडदा आणला. पुण्याच्या बाजाराचं कामच मग उरलं नाही. २०१५ मध्ये तो औपचारिकपणे बंद झाला.

या पडद्यांबरोबर एक साधी फाईलही आली. दिवसभराचे सौदे संपले की बाजार संध्याकाळी प्रत्येक शेअरचा उघडतानाचा, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि बंद होतानाचा भाव एका यादीत घालून जाहीर करतो. तिचं नाव 'भावकॉपी'. इंग्रजीत चालणाऱ्या या कारभारात हा आपल्या बोलीतला शब्द टिकून आहे. ही यादी बाजाराच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट मिळते, जुन्या तारखांचीही.

आता कम्प्युटरला भाव कोण सांगतो, त्याकडे येऊ. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या भाषेत 'लायब्ररी' म्हणजे तयार कोडचा संच. मला भाव हवा असेल तर मी सगळी खटपट स्वतः करत नाही. कुणीतरी लिहून ठेवलेली लायब्ररी जोडतो आणि तिला विचारतो. ती मुक्त असते. म्हणजे तिचं आतलं कोड कुणीही वाचावं, बदलावं, पुढे वाटावं.

१९९० च्या दशकाच्या शेवटी याहूने आपल्या फायनान्सच्या पानांवर भाव द्यायला सुरुवात केली होती. एका ठरावीक पत्त्यावर विचारलं की साध्या स्वल्पविरामांच्या यादीत भाव मिळत. पर्ल या भाषेत 'फायनान्स याहूकोट' नावाची लायब्ररी आली. २००० च्या सुमारास तिच्यापासून 'फायनान्स कोट' निघाली. तिचं वैशिष्ट्य असं की ती एकट्या याहूवर विसंबली नाही. अनेक देशांतल्या अनेक ठिकाणांहून भाव आणण्याची सोय तिच्यात होत गेली. घरचा हिशोब ठेवणारं 'ग्नूकॅश' हे मुक्त सॉफ्टवेअर आजही भावांसाठी तिलाच विचारतं. भारतातल्या म्युच्युअल फंडांचे भाव आणणारा भागही तिच्यात आहे. आपल्या फंडांची संघटना, ॲम्फी, रोज सगळ्या योजनांचे भाव एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेवते, त्यामुळे ते शक्य झालं.

मग भाषा बदलल्या. आकडेवारीवाल्यांनी 'आर' भाषा घेतली, तर तिच्यासाठी 'क्वांटमॉड' आली. २००९ मध्ये पायथॉन भाषेतली 'पांडास' जगापुढे मुक्त झाली. तिच्यात भाव आणायचा एक कोपरा होता, तो २०१५ मध्ये 'पांडास-डेटारीडर' म्हणून वेगळा निघाला. रुबी, पीएचपी, जावास्क्रिप्ट, प्रत्येक भाषेत कुणीतरी हेच काम पुन्हा केलं. एकाच विहिरीवर प्रत्येकाने आपापला रहाट बसवला.

मग विहिरीचाच भरवसा राहिला नाही. गुगलने २०१२ मध्ये आपली फायनान्सची अशी सेवा बंद केली. २०१७ च्या मे महिन्यात याहूचा जुन्या भावांचा पत्ता बंद झाला आणि नोव्हेंबरमध्ये चालू भावांचा. जगभरातले हजारो लहान प्रोग्रॅम एका झटक्यात आंधळे झाले. त्या मे महिन्यातच रॅन अरूसी यांनी एक तात्पुरती दुरुस्ती लिहिली. नावही तसंच होतं, 'फिक्स याहू फायनान्स'. ती टिकली आणि २०१९ मध्ये 'वायफायनान्स' झाली. आज शेअर बाजार शिकणारी बहुतेक मुलं सुरुवात तिच्यापासून करतात. ती याहूची अधिकृत नाही. याहूच्या पानामागचं दार उघडं आहे तोवर ती चालते.

भारतात हीच गोष्ट पुन्हा घडली. 'एनएसईटूल्स', 'एनएसईपाय', 'बीएसईडेटा', 'एनएसईपायथॉन', 'जुगाड-डेटा' अशी ही नावं. शेवटचं नाव सगळ्यांत प्रामाणिक आहे. बहुतेक बाजाराच्या संकेतस्थळावरूनच भाव उचलतात. संकेतस्थळ नवं झालं की जुन्या लायब्ररी बंद पडतात आणि कुणीतरी नवी काढतो. जुलै २०२४ मध्ये भावकॉपीचा साचा बदलला, रकान्यांची नावं बदलली, तेव्हाही ज्यांनी दुरुस्ती केली त्या चालल्या, बाकीच्या गप्प झाल्या. बंद पडलेल्या तशाच इंटरनेटवर पडून असतात, पाटी मात्र चालू दुकानाची.

इतक्या एकसारख्या लायब्ररी का, याचं कारण आळस किंवा अहंकार नाही, किंवा फक्त तेवढंच नाही. प्रत्येकाची गरज थोडी वेगळी असते, लिहिणारा फुकट काम करतो आणि एक दिवस नोकरी-संसारात अडकतो. दुसऱ्याचं कोड समजून घेण्यापेक्षा आपलं नवं लिहिणं सोपं वाटतं. शिवाय भावांवर मालकी बाजाराची. क्षणाक्षणाचे भाव बाजार विकतो, संकेतस्थळावरून यंत्राने उचलू नका असं त्याच्या अटींत असतं. मे २०२४ मध्ये सेबीने बाजारांना बजावलं की चालू भाव आभासी खेळांच्या ॲप्सना देऊ नयेत. म्हणजे या लायब्ररी अशा जागी उभ्या आहेत जिथे त्यांना कुणी पक्का करार दिलेला नाही.

एकसारखं दिसणाऱ्या दोन लायब्ररी एकच उत्तर देतील, असं मी धरून चाललो होतो. तसं नसतं. मामूंच्या पाच तारखाच पाहा. २०२१ मध्ये आपल्याकडे १ रमजान १४ एप्रिलला होता. त्या दिवशी आंबेडकर जयंती, बाजार बंद. २०२२ मध्ये ३ एप्रिल, रविवार. २०२३ मध्ये २४ मार्च, शुक्रवार, बाजार चालू. २०२४ मध्ये १२ मार्च, मंगळवार, चालू. २०२५ मध्ये २ मार्च, पुन्हा रविवार. पाचांपैकी तीन दिवस भावच नव्हता. एका लायब्ररीने तिथे रिकामी जागा दिली, दुसरीने न सांगता आदल्या सौद्याच्या दिवसाचा भाव भरला. दोघींचं वागणं समजण्यासारखं आहे, पण कोणती काय करते हे विचारल्याशिवाय कळत नाही.

पंधराशेचे तीनशे झाले, ती गोष्ट वेगळी. मधल्या काळात त्या कंपनीने शेअरची विभागणी केली होती. दहा रुपयांचा शेअर दोन रुपयांचा, म्हणजे एकाचे पाच. अशा वेळी बऱ्याच लायब्ररी मागचे सगळे भावही पाचाने भागून देतात. नाहीतर आलेखात त्या दिवशी शेअर कोसळल्यासारखा दिसेल. काही तर वाटलेला लाभांशही मागच्या भावांतून वजा करतात. आलेख काढणाऱ्यासाठी हे बरोबर आहे. पण मी २०२१ चे जुने चाळीस शेअर्स घेतले आणि त्यांना विभागणीनंतरच्या हिशोबातला भाव लावला. चाळीसला पंधराशे लावायला हवे होते किंवा दोनशेला तीनशे. दोन्हीकडून साठ हजारच येतात. चूक लायब्ररीची नव्हती. ती काय सांगते आहे, हे मी तिला विचारलं नव्हतं. सुचवायचं एवढंच की कुणीही जकातीसाठी, वाटणीसाठी किंवा आयकरासाठी जुना भाव काढत असेल तर बाजाराच्या भावकॉपीतला त्या दिवशीचा बंद भाव घ्यावा आणि त्या दिवशीचीच शेअर्सची संख्या. आलेखाचा भाव आलेखापुरता.

दौंडहून परतताना केडगावला कांद्याच्या गाड्या दिसल्या. मनात आलं, हा गुंता शेअरवाल्यांपुरता नाही. शिरूरच्या किंवा दौंडच्या शेतकऱ्याला कांद्याचा भाव आज तीन सरकारी ठिकाणांहून मिळतो. राज्याच्या पणन मंडळाची पानं आहेत, केंद्राचं २००० मध्ये सुरू झालेलं ॲगमार्कनेट आहे, २०१६ पासून ई-नाम आहे. पणन मंडळाच्या यादीत 'दौंड-केडगाव' अशी स्वतंत्र नोंद असते. इथे मात्र एक फरक आहे. केंद्र सरकारच्या खुल्या माहितीच्या पोर्टलवर, जे २०१२ मध्ये सुरू झालं, बाजार समित्यांचे रोजचे भाव प्रोग्रॅमने घ्यायला अधिकृत परवानगी आणि पक्का पत्ता आहे. कांद्याच्या भावासाठी जुगाड करावा लागत नाही. शेअरच्या दिवसअखेरच्या भावासाठी करावा लागतो.

भाव ठाऊक नसलेल्याचं नुकसान होतं, ही जाण आपल्या परंपरेत फार जुनी आहे. बाजारात पोहोचण्याआधीच वाटेत काफिल्याला गाठून माल घेण्यास पैगंबरांनी मनाई केली, कारण गावाकडून येणाऱ्या विक्रेत्याला बाजारातला भाव ठाऊक नसतो. बांधावर येऊन कांद्याचा सौदा करणारा व्यापारी पाहिला की तो नियम कशासाठी होता, ते कळतं.

आता कबुली. मामूंच्या घरून आल्यावर त्याच रात्री मी माझी स्वतःची लायब्ररी लिहायला बसलो होतो. रमजानच्या तारखा, सुट्ट्या, विभागणी, सगळं सांभाळणारी. नावही ठरवलं होतं. दोन तास लिहिल्यावर लक्षात आलं की मी बाजारात आणखी एक पाटी लावतोय. वर्षभराने माझाही उत्साह संपेल, पुन्हा साचा बदलेल आणि कुणीतरी माझ्या बंद दुकानाचा दरवाजा वाजवत बसेल.

आपल्याकडे वक्फची कल्पना आहे. विहीर खोदून लोकांना देऊन टाकली की ती देणाऱ्याची राहत नाही. पण तिला मुतवल्ली लागतो. गाळ कोण काढणार, दोर कोण बदलणार, हे ठरलेलं नसेल तर चांगल्या नियतीने खोदलेली विहीरही बुजते. मुक्त सॉफ्टवेअरचं दुखणं नेमकं हेच आहे. विहिरी खोदणारे भरपूर, गाळ काढणारे थोडे. नवी खोदण्याचं नाव होतं, जुनीचा गाळ काढण्याचं होत नाही.

मी माझं कोड पुसलं. जी लायब्ररी वापरली होती, तिच्या माहितीपत्रकात 'हे भाव विभागणीनुसार बदललेले आहेत, त्या दिवसाचे मूळ भाव नव्हेत' असं स्पष्ट वाक्य आणि त्याखाली एक उदाहरण घालून ते लायब्ररी सांभाळणाऱ्यांकडे पाठवलं. चार ओळींचं काम. काही आठवड्यांनी ते स्वीकारलं गेलं.

मामूंचा हिशोब मी भावकॉप्या उतरवून पुन्हा केला. सुट्टीच्या तीन तारखांना काय करायचं, ते त्यांनी आपल्या इमामसाहेबांना विचारलं. आधीच्या सौद्याच्या दिवसाचा बंद भाव धरायचं ठरलं. पाचही वर्षांचे आकडे त्यांच्या डायरीशी जुळले, एक अपवाद वगळता. तिथे पेपरात छापताना चूक झालेली होती. ती निघाल्यावर मामूंना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

राहिलेली जकात त्यांनी सत्ताविसाव्या रोज्याच्या आत पोहोचवली. डायरीत आता एक नवा रकाना आहे. तारीख, शेअर, भाव, आणि शेवटी 'कुणी सांगितला'.